वीण कोणाची वाढते आहे?

1963 साली मोर भारताचा राष्ट्रीय पक्षी ठरला. त्या मानासाठी माळढोकाचे नावही पुढे आले होते आणि डॉ. सलीम अलींनी माळढोकाची बाजू लावून धरली होती. त्यानंतर या दोन पक्ष्यांचे काय झाले, हे बीड जिल्ह्यात उभे राहून पाहिले की नीट कळते. पाटोदा तालुक्यात नायगावला 1994 पासून मोरांचे अभयारण्य आहे, सुमारे 30 चौरस किलोमीटरचे. पण मोर अभयारण्याच्या हद्दीत मावत नाहीत. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांत तुरीच्या, हरभऱ्याच्या रानात ते राजरोस फिरतात आणि पीक खातात म्हणून शेतकरी त्यांच्या नावाने बोटे मोडतात. माळढोकासाठी 1979 साली शेजारच्या सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले होते. नायगावच्या अडीचशेहून अधिक पट. आज त्या माळांवर माळढोक दिसणे जवळजवळ बंद झाले आहे, आणि देशभरात उरलेले दीडशेच्या आसपास पक्षी मुख्यतः राजस्थानात आहेत.

दोघेही जमिनीवर अंडी घालणारे. दोघांतही नर नाचतो, फुलारतो, आणि पिल्लांची सगळी जबाबदारी मादी एकटीने उचलते. दोघांनाही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सर्वांत वरच्या अनुसूचीचे संरक्षण. मग एक वाढला आणि दुसरा संपत आला तो का? शिकार, विजेच्या तारा, नांगराखाली गेलेले माळ ही कारणे खरी आहेत. पण त्यांच्या तळाशी एक साधी गोष्ट आहे. लांडोर एका हंगामात चार ते सहा अंडी घालते. पिल्ले अंड्यातून बाहेर पडताच आईमागे चालू लागतात आणि दोनेक आठवड्यांत फांदीवर झोपण्याइतकी उडू लागतात. माळढोकाची मादी पावसाळ्यात उघड्या माळावर बहुधा एकच अंडे घालते. चार आठवडे ते उबवते, पुढे कित्येक महिने पिल्लाला बरोबर घेऊन हिंडते. ते पिल्लू वयात यायलाही काही वर्षे जातात. एका कुत्र्याने एक अंडे फोडले तर लांडोरीचे नुकसान होते. माळढोकाचे ते वर्षच बुडते.

माझे म्हणणे या फरकावर उभे आहे. एखाद्या जिवाचे आपल्या शिवारात पुढे काय होणार, हे आज त्याची डोकी किती आहेत यावरून फारसे कळत नाही. तो कसा विणतो, कधी विणतो, एका पिल्लावर किती खर्च करतो, यावरून कळते. आपल्याकडे प्राण्यांविषयीची सगळी चर्चा मोजदादीची आहे: मोर किती, काळवीट किती, बिबटे किती वाढले. आणि ही मोजदाद चालू असतानाच आपण जमिनीवर असे निर्णय घेत आहोत की झपाट्याने विणणारे जीव फोफावतात आणि सावकाश विणणारे गळून पडतात. कोणी हे ठरवून केलेले नाही. पण ठरवून केले असते तरी याहून वेगळे घडले नसते.

अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकार्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी 1967 साली या विचाराला आकार दिला. पुष्कळ पिल्ले, थोडी काळजी, लहान आयुष्य हा एक मार्ग. थोडी पिल्ले, पुष्कळ काळजी, दीर्घ आयुष्य हा दुसरा. पुढच्या संशोधकांनी दाखवून दिले की सगळे प्राणी या दोन कप्प्यांत बसत नाहीत. मोठा बेडूकच पाहा. आठ-नऊ महिने मातीत दडून बसतो. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही हुलकावण्या देत, तिथे पहिला जोराचा पाऊस झाला की नर पिवळाधमक होऊन, गळ्याचे निळे फुगे फुगवून रात्रभर ओरडतो. जोडीगणिक हजारो अंडी डबक्यात पडतात. पाणी आटायच्या आत शेपूट गळून पाय फुटले तर जगला, नाही तर गेला. पिल्लांवर एवढी उधळण करणारा हा बेडूक स्वतः मात्र अनेक वर्षे जगतो. एक वर्ष कोरडे गेले तरी त्याचा डाव मोडत नाही. काही वर्षे लागोपाठ कोरडी गेली, किंवा डबकेच बुजवले, तर मोडतो. कप्पे ढोबळ असले तरी मूळ प्रश्न खरा आहे: हा जीव आपले सगळे बळ कुठे लावतो, आणि आपण नेमका तिथेच घाव घालतो आहोत का?

झपाट्याने विणण्याची ताकद काय असते हे बीडच्या कापूस उत्पादकाइतके कोणाला ठाऊक असणार! 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने मराठवाडा-विदर्भातला कापूस पोखरला. किडके बोंड हातात घेऊन फोडले की तिची सगळी करामत दिसते. बाहेरून बोंड हिरवे, धडधाकट. अळी आत शिरली तो छेद केव्हाच भरून आलेला. आत एका पाकळीतला कापूस पिवळट, चिकट, सडका, आणि सरकीचे दोन दाणे एकमेकांना शिवल्यासारखे चिकटलेले. ते अलग केले की मधल्या पोकळीत गुलाबी पट्ट्यांची अळी अंगाची कमान करून पडलेली. बाहेर फवारा मारणाऱ्याला ती दिसत नाही आणि फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही.

या अळीचा पतंग शंभराहून अधिक अंडी घालतो. हिशेब करून पाहावा. शंभरातली दहाच जगली आणि त्यांत निम्म्या माद्या धरल्या, तर एका मादीच्या पाच होतात; चौथ्या पिढीला सव्वासहाशे. एका हंगामात तिच्या चार-पाच पिढ्या सहज होतात. माळढोकाच्या एका पिढीत या अळीच्या कितीतरी पिढ्या निघून जातात. पिढ्या जितक्या भराभर, तितकी निवडीची चाळण भराभर. 2002 साली बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार करणारा बीटी कापूस आला, 2006 मध्ये दोन जनुकांचा दुसरा प्रकार आला. आणि दहा-बारा वर्षांत ही अळी दोन्ही विषे पचवू लागली.

हे टाळता आले असते का? बऱ्याच अंशी आले असते, आणि त्याची युक्ती अळीच्या जोडी जमवण्यातच होती. बीटी बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत साध्या कापसाच्या बियाण्याची 120 ग्रॅमची वेगळी पुडी येत असे. ती शेताच्या कडेने लावायची. त्या साध्या झाडांवर विषाला बळी पडणाऱ्या अळ्या वाढतात, त्यांचे पतंग होतात, आणि बीटीवर तगलेल्या मोजक्या पतंगांना जोडीदार म्हणून हेच पतंग मोठ्या संख्येने भेटतात. प्रतिकाराचा गुण आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लात उतरतो. त्यामुळे अशा जोडीची संतती पुन्हा विषाला बळी पडते. म्हणजे ती पुडी हे अळीसाठी लावलेले योग्य स्थळ होते. बहुतेकांनी ती बांधावर फेकली. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. चार-दोन एकरांच्या कोरडवाहू माणसाला कोणी हे कारण समजावून सांगितलेच नाही. 'लावा' म्हणून सांगितले, 'का' ते सांगितले नाही. जीवशास्त्र न सांगता दिलेला सल्ला पाळला जात नाही.

कामगंध सापळ्यातही तीच गोष्ट. मादी रात्री गंध सोडते, नर त्या मागावर येतो. सापळ्यातल्या ल्यूरमध्ये तोच गंध कृत्रिमरीत्या भरलेला असतो. हेक्टरी पाच सापळे लावावेत, आणि सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर नुकसानीची पातळी ओलांडली असे समजावे, हा नेहमीचा सल्ला. त्याच्या पुढची पायरी म्हणजे सगळ्या रानभर गंध दरवळत ठेवायचा, की नराला मादी सापडूच नये. अमेरिकेने हे सगळे एकत्र केले: बीटी कापूस, गंधाचा वापर, आणि प्रयोगशाळेत वाढवून वंध्य केलेले पतंग लाखोंनी सोडणे. 2018 साली तिथल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. विष वाढवून ते झाले नाही. वीण अडवून झाले.

आपल्याकडे इतकी यंत्रणा नसेल. पण या अळीच्या विणीत एक मोठी कमजोरी आहे, आणि तिच्यासाठी छदाम लागत नाही. तिचा संसार जवळजवळ सगळा एकट्या कापसावर चालतो. थंडी वाढली की शेवटच्या पिढीची अळी त्या जोडसरकीत सुप्तावस्थेत जाते आणि पुढच्या पावसाची वाट पाहते. उन्हाळ्याच्या अखेरीस बाहेर पडलेल्या पतंगाला रानात पात्या-फुले सापडली नाहीत तर तो अंडी कुठे घालणार? तो निर्वंश मरतो. म्हणूनच महाराष्ट्रात काही वर्षे 1 जूनआधी कापसाचे बियाणे शेतकऱ्याला विकू नये असा दंडक होता, आणि म्हणूनच फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन लांबवलेले पीक, घेऊ नका असे कृषी विद्यापीठे कानीकपाळी ओरडतात. फरदडीचा मोह मला कळतो. भाव बरा आहे, विहिरीला पाणी आहे, एका भिजवणीत दोन क्विंटल निघत असतील तर उभे पीक कोण उपटील? पण ते दोन क्विंटल म्हणजे पुढच्या साली साऱ्या शिवारासाठी राखून ठेवलेले बेणे आहे. एकाने पऱ्हाटी उपटून भागत नाही. पतंगाला बांध कळत नाही, गावालाच ठरवावे लागते.

माळावरच्या सावकाश विणणाऱ्यांकडे येण्याआधी वानरांबद्दल थोडे बोलायला हवे, कारण बीड जिल्हा देशभर गाजला तो त्यांच्यामुळे. डिसेंबर 2021 मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लऊळमधून बातमी आली की वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून उंचावर नेतात आणि ती मरतात. अडीचशेचा आकडा फिरला. कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारले आणि वानरांनी सूड उगवला, ही कथा परदेशी वर्तमानपत्रांपर्यंत गेली. वनखात्याने दोन वानरे पकडून नेली. सूड ही माणसाच्या मनातली गोष्ट आहे. वानराची मादी सुमारे दोनशे दिवसांच्या गर्भारपणानंतर बहुधा एकच पिल्लू देते आणि पुढचे व्हायला दीड-दोन वर्षे जातात. इतक्या मोलाचे पिल्लू टोळीतल्या इतर माद्याही कडेवर घेऊन फिरतात. तान्ही, लोकरीसारख्या अंगाची वस्तू उचलून छातीशी धरणे त्यांच्या वागण्यातच आहे. वानराचे पिल्लू पोटाला घट्ट बिलगते. कुत्र्याच्या पिल्लाला बिलगता येत नाही, उतरता येत नाही आणि त्याचे दूधही खालीच राहते. ते पडते किंवा उपाशी मरते. लऊळमध्ये बहुतांशी हेच झाले असावे असे माझे मत आहे.

वानरांच्या जगात क्रौर्य नाही असे नाही. उलट आहे, आणि तेही विणीतूनच आलेले. जपानी संशोधक युकिमारु सुगियामा यांनी 1960 च्या दशकात धारवाडजवळ पाहिले की टोळी ताब्यात घेणारा नवा नर आधीच्या नराची तान्ही पिल्ले मारतो. पुढे अबूच्या डोंगरावर सारा हर्डी यांनी वर्षानुवर्षे अभ्यास करून त्याचा अर्थ लावला: पिल्लू गेले की आईचे दूध थांबते, ती लवकर माजावर येते, आणि दोनेक वर्षांचा सत्ताकाळ मिळालेल्या नराला आपली संतती वाढवता येते. त्यावर माद्यांनीही तोड काढलेली आहे. त्या टोळीबाहेरच्या नरांशीही संग करतात, त्यामुळे बाप कोण हे कोणत्याच नराला खात्रीने कळत नाही. याला पाप म्हणता येणार नाही आणि आदर्शही मानता येणार नाही. पण हे माहीत असेल तर टोळीतला मोठा नर पकडून नेण्याआधी वनखाते दहा वेळा विचार करील. जागा रिकामी झाली की नवा नर येतो, आणि तो आला की पिल्लांच्या जिवावर बेततेच.

उसातल्या बिबट्याचेही असेच. ऊस बारा ते अठरा महिने उभा असतो. दाट, थंडगार, माणसाची वर्दळ नसलेला. बिबट्याच्या मादीला सव्वातीन महिन्यांच्या आसपासचे गर्भारपण काढून दोन-तीन पिल्ले वाढवायला याहून चांगली जागा कोणती? जुन्नरच्या बाजूला कारखान्याची तोड सुरू झाली की फडात पिल्ले सापडतात. ती ज्यांना सापडतात त्या कोयत्यावाल्यांमध्ये पाटोदा, शिरूर, धारूर, केजकडची माणसे असतात. पिल्ले पिंजऱ्यात घालून दूर नेली तर आई सैरभैर होऊन तो परिसर सोडत नाही आणि धोका वाढतो. त्याऐवजी संध्याकाळी ती त्याच फडाच्या कडेला टोपलीत किंवा क्रेटमध्ये ठेवली, तर रात्री आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. वनखाते आणि प्राणिमित्र संस्था गेली अनेक वर्षे हेच करत आल्या आहेत. पण तोडीच्या टोळीला हे सांगण्याची व्यवस्था कुठल्या कारखान्याच्या करारात आहे? आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे दर दिवाळीनंतर त्या फडांत जातात. 2020 मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली तेव्हा सारा जिल्हा हादरला होता. बिबट्या उसात कसा राहतो, कधी वितो, हे तोडणाऱ्याला आधी कळले पाहिजे.

आता माळ. बीडचा मोठा भाग मुळात गवताळ माळरानाचा आहे आणि सरकारी कागदांत त्याचे नाव 'पडीक'. 2019 साली राज्याने 33 कोटी झाडे लावण्याचा संकल्प केला तेव्हा जागा शोधताना नजर सगळ्यात आधी अशा जमिनीवर गेली. झाड लावणे चांगले, हे शाळेपासून ठसलेले असल्याने त्याला कोणी विरोध करत नाही. पण माळावर विणणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो. काळविटाची मादी सुमारे सहा महिन्यांच्या गर्भारपणानंतर एकच पाडस देते आणि पहिले काही दिवस ते गवतात दडवून ठेवते. पाजण्यापुरती येते आणि दूर जाते. पाडसाचे सगळे संरक्षण म्हणजे न हलणे, आणि गवत. गवत गेले की गावकुत्र्यांना ते आयते सापडते. लांडग्याची जोडी थंडीच्या दिवसांत ओढ्याच्या काठी, माळाच्या उतारावर बीळ करते. नर-मादी दोघे, आणि कधी आधीच्या वर्षाची पोरेही, पोटातून अन्न आणून पिल्लांना भरवतात. त्याच उतारावर खड्डे खोदणारी यंत्रे चालली तर त्या वर्षीची सगळी पिल्ले जातात. माळढोकाचे एकुलते अंडे, काळविटाचे एकुलते पाडस, लांडग्याचे एकुलते बीळ: या सगळ्यांनी आपले सारे बळ उघड्या गवतावर लावलेले आहे, आणि आपण गवत बदलतो आहोत.

गावकुत्रे मात्र वर्षात दोनदा विते, दर वेळी चार-सहा पिल्ले. उकिरड्यावर अन्न आणि माळावर पाडसे, दोन्हीकडे त्याची सोय झाली. कुत्र्यांचा द्वेष करून हे सुटणार नाही, मारून तर मुळीच नाही. मोकळ्या झालेल्या जागेत उरलेली कुत्री पुन्हा भराभर वितात. बहुसंख्य माद्यांची नसबंदी आणि उकिरड्यांचा बंदोबस्त, दोन्ही एकाच वेळी, हाच मार्ग. तो खर्चिक आहे म्हणून टाळला जातो. पण सावकाश विणणारा जीव एकदा गेला की परत आणण्याचा खर्च किती, तेही पाहावे. जैसलमेर जिल्ह्यातल्या केंद्रात 2024 साली माळढोकाचे एक पिल्लू कृत्रिम रेतनातून जन्मले. नराला माणसाळवून वीर्य घेतले, ते लांबच्या दुसऱ्या केंद्रातल्या मादीपर्यंत नेले, यंत्रात अंडे उबवले. एका पिल्लासाठी इतका खटाटोप. ते काम करणाऱ्यांविषयी मला नितांत आदर आहे. पण तीच गोष्ट एके काळी माळढोकाच्या अभयारण्यातल्या कर्जतच्या, नान्नजच्या माळावर एक मादी गवतात बसून चार आठवड्यांत करत होती, आणि आपल्याला त्यासाठी फक्त ते गवत तसेच ठेवायचे होते.

कोणी म्हणेल, दुष्काळी जिल्ह्यात माणसाला प्यायला पाणी नाही आणि तुम्ही लांडग्याच्या बिळाची काळजी करता. या प्रश्नाला बगल देऊ नये. पण बोंडअळीचा प्रश्न माणसाच्याच पोटाचा आहे, आणि त्याचे उत्तर विणीच्या अभ्यासातूनच निघाले. जो शेतकरी अळीचे वेळापत्रक समजून पऱ्हाटी उपटतो, त्याला माळढोकाचे आणि काळविटाचे वेळापत्रक समजणे कठीण नाही. माळांवर खड्डे घेण्याआधी, वणवे लावण्याआधी, चराई खुली करण्याआधी त्या गवतात कोण कधी वितो याची नोंद ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत असावी. त्या नोंदवहीची तरतूद 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली आहेच. अनेक ठिकाणी ती भरली गेली ती केवळ कागद पुरा करण्यासाठी. धनगर, पारधी आणि गुराखी यांना ही माहिती पाठ असते. त्यांना विचारून ती लिहून काढायला एक पावसाळा आणि एक हिवाळा पुरेल. रोपवनाच्या आराखड्यावर सही करण्याआधी वन अधिकाऱ्याने ती वाचणे बंधनकारक करावे.

आणि कापूस पिकवणाऱ्या प्रत्येकाला विनंती: शेवटची वेचणी डिसेंबरअखेर उरका, शेत नांगरा, पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका. हे एकट्याने करू नका. ग्रामसभेत विषय मांडा, आणि सगळ्या शिवारासाठी एकच तारीख ठरवून घ्या.